एनेलेसी अमायींची दाताळी

एनेलेसी कापालामुलाच्या वीजकेंद्रावर आली ती बांधकामाच्या मजुरांसाठी मक्याच्या पिठाची न्सिमा रांधायला. काम संपलं, मजूर पांगले, ही तिथेच राहिली. शिरे नदीतून जलपर्णीचे तांडे वाहत येत आणि कालव्याच्या तोंडावरच्या लोखंडी जाळीत अडकत. पाणी तुंबलं की टर्बाइन बंद. जलपर्णी उपसणाऱ्या टोळीत बाई नको, असं तेव्हाचे साहेब म्हणाले. तिने त्यांच्यादेखत लांब दांड्याचं दाताळं उचललं आणि एका हिसक्यात एवढा हिरवा ढीग बाहेर ओढला की साहेबांचे बूट दिसेनासे झाले. वीस वर्षांनी ती त्याच टोळीची मुकादम होती. सगळे तिला अमायी, म्हणजे आई, म्हणत आणि ती बाप्यांना बाम्बो, म्हणजे बाबा, म्हणे. नदीपलीकडे तिच्या घरावरून विजेच्या तारा जात, घरात मात्र मेणबत्ती. कुणी टोचलं तर म्हणे, "मासेवालीच्या ताटात मासा कधी पाहिलाय का?"

टेकडीवरच्या गावात लाइट गेली की तिला पहिला फोन सिक्वेसे न्हाव्याचा.

"अमायी, अर्धं डोकं झालंय, अर्धं राहिलंय. गिऱ्हाईक रडकुंडीला आलंय."

"मग त्याला टोपी घाला, बाम्बो."

एका रविवारी दुपारी देशाच्या संघाचा फुटबॉलचा सामना होता. सिक्वेसेने दुकानात मोठा टीव्ही लावला होता, सगळे बाप्ये तिथेच दाटीवाटीने बसले होते. विसाव्या मिनिटाला पडदा काळा झाला. नदीच्या वरच्या अंगाला पाऊस झाला होता, नदीने महिनाभराची जलपर्णी एकदम आणून टाकली होती, आणि रविवार म्हणून टोळीत माणसं चारच.

फोनवर सिक्वेसे कडाडला, "आमची वीज गेली कुठे?"

"इथेच जाळीत अडकलीय. या आणि घेऊन जा."

तो खरंच निघाला. मागोमाग साठ-सत्तर माणसं, काहींच्या हातात ढोल, आणि चक्क जिल्हाधिकारीसुद्धा. फाटकापाशी आरडाओरडा सुरू झाला. एनेलेसीने शांतपणे कोठार उघडलं आणि पुढच्याच्या हातात दाताळं ठेवलं.

"ओरडायला जेवढा जोर लावता, तेवढा इथे लावा. अर्ध्या तासात टर्बाइन फिरेल."

"पाण्यात मगर आहे का?" जिल्हाधिकाऱ्यांनी हळूच विचारलं.

"आहे. तुम्ही काठावरूनच ओढा, बाम्बो. आणि मागच्यांनो, ढकलाढकली नको, तिला आयतं जेवण मिळेल."

दाताळी पुरेनात तेव्हा माणसांनी बांबू घेतले. ढोलाच्या ठेक्यावर ओढाओढ सुरू झाली. सिक्वेसेची इस्त्रीची पॅंट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली. सामना संपायला दहा मिनिटं असताना टर्बाइन घुमलं, आणि सगळे एकमेकांना मिठ्या मारू लागले. मग एकाच्या लक्षात आलं, की टीव्ही दीड मैल वर आहे.

ते धावत निघणार तोच टेकडीवरून मोठा कल्ला ऐकू आला. सिक्वेसेने घाईघाईने बायकोला फोन लावला.

"काय झालं?"

"गोल झाला. आपला."

"कसा झाला?"

"पायाने," ती म्हणाली आणि फोन ठेवला. दुकानात आता सगळ्या बायका बसल्या होत्या, तिला बोलायला सवड नव्हती.

एनेलेसी काठावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. सिक्वेसे आधी फुगला, मग तिच्या शेजारी बसून तोही हसू लागला.

आठवड्याने मुख्य कचेरीचं पत्र आलं: परवानगीवाचून बाहेरच्या माणसांना आत का घेतलं, नावांसह खुलासा करा. तिने सगळी नावं वळणदार अक्षरात लिहून पाठवली. चौथं नाव जिल्हाधिकाऱ्यांचं होतं, त्यापुढे तिने लिहिलं, 'काम बरं करतात, पण लवकर दमतात.' त्यावर कचेरीतून पुन्हा कधी अवाक्षर आलं नाही.