हरिबाची गाढ झोप

भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं! हरिबाच्या उशाला धोंडा होता, अंगावर घोंगडं होतं, चालून चालून पाय मोडून आले होते, आणि तरी बायको अंजना गेल्यापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

हरिबा जतकडचा मेंढका. पावसाळा सरला की कळप घेऊन पलूसच्या बागायतीत उतरायचं आणि रात्री शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची. लेंडीचं खत त्यांना, धान्य आपल्याला. सगळा संसार असाच उघड्यावर झाला. राखण दोघांनी वाटून घेतलेली, निम्मी रात्र त्याची, निम्मी बायकोची. अंजना उठली की तो पडायचा. आता उठणारं कुणी नव्हतं. आधी तो हट्टानं जागला, मग झोपावंसं वाटलं तेव्हा झोपच रुसून बसली. दिवसा डोकं भणभणायचं. एकदा भर रस्त्यात, कळपाच्या मधोमध, भोवळ येऊन पडला. तेव्हा तासगावात राहणारा मुलगा धनाजी धावत आला.

"आबा, इका ती मेंढरं. घर हाय, खोली हाय. कशापायी मरताय?"

"निम्मी तुझ्या आईनं बाटलीनं दूध पाजून जगिवल्यात," हरिबा म्हणाला. "मेंढरं हायती तवर ती बी हाय म्हणायचं."

धनाजी बापाला डॉक्टरांकडं घेऊन गेला. गाडी लावायला तो बाहेर थांबला आणि हरिबा एकटाच आत गेला. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या.

"बाबा, एवढ्याच. सवय लागू द्यायची नाही. आणि गोळी घेतली की सकाळपर्यंत आडवं राहायचं. रात्री उठावं लागत नाही ना?"

"न्हाई," हरिबा म्हणाला.

खोटं नव्हता बोलला बिचारा. जो झोपतो त्याला उठावं लागतं. मेंढका कळपापाशी झोपतो कुठं? नुसता पडतो, कान उघडे ठेवून. लांब पाचोळा वाजला तरी काठी हातात येते. गोळीनं डोळे मिटतील, कान कसे मिटतील, असा त्याचा हिशेब. एवढं आयुष्य ज्या कानांवर काढलं, त्यांच्यावर त्यानं भरवसा टाकला.

कळप तेव्हा लालासाहेबांच्या रानात बसला होता. हरिबानं गोळी घेतली आणि अंजना गेल्यापासून पहिल्यांदाच गाढ झोपला.

उन्हं वर आल्यावर लालासाहेबांनी त्याला गदागदा हलवून जागं केलं. कळपाभोवती लावलेली जाळी फाटली होती. मोकाट कुत्र्यांनी एकही कोकरू जिवंत ठेवलं नव्हतं. दोन गाभण मेंढ्या उसाच्या सरीत मरून पडल्या होत्या. राखणीचा कुत्रा भुंकून भुंकून घसा बसून, लंगडत फिरत होता.

"आवं, तुमचं कुत्रं रातभर बोंबलत हुतं," लालासाहेब कळवळून म्हणाले. "म्या म्हटलं, हरिबा हाय की जागा. मेंढका कवा झोपतो व्हय?"

कासा तटतटलेल्या मेंढ्या कोकरांना हाका मारत होत्या. हरिबा मधे बसून राहिला. झोप गोड लागली होती, हेच त्याला सोसेना. अंजनाला आता काय तोंड दाखवू, असं तो मोठ्यानं म्हणाला आणि धाय मोकलून रडला.

उरलेली मेंढरं त्यानं आपणहून विकली. धनाजीला एक शब्द बोलावा लागला नाही.

तासगावच्या घरी सून स्वप्नालीनं त्याच्यासाठी जाड गादी घातली, पंखा लावला, पाण्याचा तांब्या ठेवला.

"आबा, गोळ्या उरल्यात न्हवं? घ्या एक, निवांत पडा."

हरिबानं गोळ्यांचं पाकीट तिच्या हातात दिलं. "ह्या नगं गं पोरी. झोपून लय झालं. मला जागं ऱ्हायचं कायतरी काम सांग."

स्वप्नालीनं इकडंतिकडं पाहिलं. दाराला कडी होती, फाटकाला कुलूप होतं. राखायचं असं घरात काहीच नव्हतं.