हात धुण्याचं प्रात्यक्षिक आणि रिकामी घागर

मंडळी, आत्ताच गंधवानीहून देवासला घरी पोचलेय. इतकी दमलेय की चहासुद्धा नवऱ्याने केला.

एमबीबीएसच्या मुलांना मी कम्युनिटी मेडिसिन शिकवते. दर वर्षी नवी बॅच घेऊन त्याच वस्त्यांवर जायचं, तेच सांगायचं. आज एका घरी सात महिन्यांची गरोदर बाई होती. माझ्या विद्यार्थ्यांनी तिच्या अंगणात साबणाने हात कसे धुवायचे ते दाखवलं. एकेकाने करून दाखवलं, मग वस्तीतल्या सगळ्या पोरांकडूनही करून घेतलं. पाणी तिच्याच घागरीतलं. मी कौतुकाने फोटो काढत होते.

तिने सगळं शांतपणे बघितलं. शेवटी विचारलं, "हो गया, मैडम? तो मैं पानी भर लाऊँ?"

हातपंप टेकडीखाली. तिने रिकामी घागर उचलली तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. दोन मुली मागे धावल्या, "दीदी, हम लाते हैं." ती ऐकेना. म्हणाली, "मेहमान से पानी नहीं भरवाते."

धापा टाकत वर आली आणि पहिला पेला माझ्या हातात दिला. नको म्हणायलाही तोंड नव्हतं. प्यायले.

आता गुण भरायला बसलेय. प्रात्यक्षिक अगदी पुस्तकात असतं तसं झालं, नियमाने पैकीच्या पैकी द्यायला हवेत. तुम्ही सांगा, पोरांना किती देऊ? आणि त्यांना शिकवणारीला?