उशाशी खुर्ची नको, असं मी लिहिलं

पत्रक माझंच होतं. मथळाही माझाच: ‘रिकाम्या खुर्चीपुढं हात कशाला जोडायचे?’ रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या फाटकाशी उभी राहून मी ते वाटलं आणि पहिली प्रत मावशींच्या हातात दिली. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर बरेच दिवस मी सांगत फिरले की माझा रोख मावशींवर नव्हताच.

तसा तो नव्हताही. रोख होता बाहेरगावाहून आलेल्या एका उपदेशकावर. तीन दिवस त्यानं मैदानात माइकवरून ‘शेखिना, शेखिना’ असा गजर केला, लोकांना थरथरायला लावलं आणि पुढच्या गावाला निघून गेला. मला संताप आला. शेखिना हा शब्द बायबलमध्ये कुठंच नाही. तिथं आहे ते ‘शाखान’ हे हिब्रू क्रियापद, म्हणजे मुक्कामाला राहणं. त्यावरून ‘मिश्कान’, रानात देवासाठी उभारलेला निवासमंडप. शेखिना हे नाव पुढं यहुदी गुरूंनी वापरात आणलं, देवाचं जवळ असणं सांगायला. आम्ही ख्रिस्ती मानतो की तोच देव येशूच्या देहात माणसांमध्ये राहायला आला. मग ही थरथर कशाला?

एवढं लिहून थांबले असते तर चाललं असतं. पण पत्रकाला उदाहरण लागतं, लोकांच्या डोळ्यांसमोरचं. उपदेशक गेला होता. मावशी इथंच होत्या.

मावशी आमच्याच गल्लीतल्या, शुक्रवार पेठेत. दवाखान्यात आया म्हणून जन्म काढलेल्या. मंडळीतलं कुणी अंथरुणाला खिळलं की त्या प्रार्थनेला जायच्या. गेल्या की आधी एक खुर्ची आजाऱ्याच्या उशाशी मांडायच्या, तिच्यावर धुतलेला टॉवेल टाकायच्या आणि स्वतः फरशीवर बसायच्या. ही त्यांची जुनी रीत. त्या तीन दिवसांनंतर मात्र त्या खुर्चीला ‘शेखिनाची जागा’ म्हणायला लागल्या होत्या. मला आयतंच सापडलं.

पत्रक त्यांनी सुनेकडून वाचून घेतलं. संध्याकाळी मी दिसल्यावर म्हणाल्या, “लई शिकलीस की गं. म्हंजे खुर्ची मांडायची न्हाय तर?”

“नाही मावशी. मूर्तिपूजाच की ती.”

“बरं. पावण्याला बसायला तरी हुईल.”

त्या हसल्या. मीही हसले.

त्यानंतर त्यांनी खुर्ची मांडली नाही. एखाद्या घरात कुणी मांडायला गेलंच, तर म्हणायच्या, “नगं, पोरीनं पुस्तकात बघितलंय.” मग त्यांचं जाणंच कमी झालं. मला ते जाणवलं होतं. वयामुळं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

यंदा त्याच आजारी पडल्या. मी भेटायला गेले. सून आत चहा टाकत होती. मी खाटेवरच पायाशी टेकले. मावशींचे डोळे मिटलेले होते.

“उशाला कोण हाय गं?”

“कुणी नाही मावशी. मी इकडं आहे, पायाशी.”

“व्हय. तू लिवलंस तसंच हाय मग.”

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला मला उत्तर देता येतं. घडीची खुर्ची भिंतीला टेकवलेली होती. ती उघडून ठेवावी असं मनात आलं, आणि माझंच पत्रक आडवं आलं. चहा पिऊन निघाले. पुढच्या आठवड्यात मावशी गेल्या.

महिन्याभरानं दुसऱ्या पत्रकासाठी, पहिलं ज्याच्यावरून लिहिलं होतं तेच पुस्तक पुन्हा काढलं. शेखिनाच्या पानावर माझी पेन्सिलची रेघ होती, अर्ध्या पानापर्यंत. तेवढंच उतरवून घेतलं होतं. पत्रकवाल्यांची सवयच ती: मुद्दा सापडला की पान मिटायचं. रेघेच्या खाली लिहिलं होतं की, जुने यहुदी गुरू म्हणत, शेखिना आजाऱ्याच्या उशाशी असते, म्हणून भेटायला येणाऱ्यानं खाटेवर बसू नये, खाली बसावं.

मावशींना हे कुणी सांगितलं असणं शक्य नाही. त्यांनी आजारी माणसं पाहिली होती, एवढंच.

शब्दाबद्दल मी चुकले नव्हते. तो बायबलमध्ये आजही नाही. पण येशूच्या रूपानं देव माणसांमध्ये राहायला आला, हे त्याच पत्रकात मी ठळक अक्षरांत छापलं होतं. आणि मावशींनी उशाला कोण आहे विचारलं, तेव्हा मी म्हणाले, कुणी नाही.