तिसऱ्या नाटकाची पंगत

नागनाथअप्पा आज पहाटे गेले, आणि दुपारपर्यंत अख्खं बीदर रसिक झालं.

"अप्पांचं एकही नाटक चुकवलं नाही." ग्रुपवर कोण लिहितंय हे? दरवर्षी गव्हाच्या खिरीची, हुग्गीची वाटी ओरपून झाली की चपला शोधणारे!

निदान आज तरी खोटं बोलू नका. मी स्टेजवर होते. तिथून सगळं दिसतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अप्पांचं बियाण्यांचं दुकान. वर्षातून एकदा मैलूरच्या हॉलमध्ये त्यांच्या नाट्यमंडळाची संध्याकाळ असायची. तीन छोटी नाटकं आणि जेवण. जेवण दुसऱ्या नाटकानंतर.

तिसरं नाटक माझं.

पोस्टातून रिटायर झाले तेव्हा रागाच्या भरात लिहिलं होतं. एक रिटायर्ड बाई स्वतःच्याच जुन्या काउंटरसमोर रांगेत येऊन उभी राहते, आणि तिला कुणी ओळखत नाही. एवढंच. लिहिलं मी, बाईचं काम केलं तेही मी.

पहिल्या वर्षी बघायला नऊ माणसं उरली. त्यातली चार मंडपवाल्याची, सतरंज्या गुंडाळायला थांबलेली.

"अप्पा, जेवण शेवटी ठेवा."

"पाव्हण्याला उपाशी बसवून नाटक दावायचं व्हय, अक्का? पाप लागंल."

मी भांडले. दुसऱ्या वर्षी जेवण शेवटी गेलं.

लोक थेट जेवायलाच आले. तिन्ही नाटकं रिकाम्या खुर्च्यांनी पाहिली. माझं चालू असताना अप्पांच्या फोनवर एक काकू, स्पीकर ऑन: "ताटं मांडली का न्हाई अजून?"

मी जाहीर केलं, बास. पुन्हा स्टेजवर पाऊल ठेवणार नाही.

अप्पा म्हणाले, "अजून एक साल द्या, अक्का."

तिसऱ्या वर्षी त्यांनी स्टेजसमोरच पंगत मांडली. भाकरी वाढून झाली आणि माझ्या नाटकाचा पडदा उघडला.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. तोंड मिटून खा म्हणून सिस्टरांनी पट्ट्या मारलेल्या. आणि माझ्या पहिल्या वाक्याला पूर्ण हॉल आमटी भुरकतोय!

अप्पा पंगतीच्या टोकाला बसले होते. पुढ्यात दीड भाकरी.

आपल्याकडे पंगतीतल्या शेवटच्या माणसाचा हात ताटात असेपर्यंत कुणी उठत नाही. बाकी लाज सोडली असेल, ही सोडलेली नाही. अप्पांनी सगळी भिस्त त्या लाजेवर ठेवली होती.

ते एकेक घास शेंगदाण्याएवढा मोडत होते.

शेजारचा सोमनाथ चुळबुळायला लागला. "अप्पा, आवरा की."

"दात न्हाईत बाबा. कामून घाई करायलास?"

बत्तीसच्या बत्तीस दात होते! सुपारी अख्खी फोडायचे.

भाकरी झाली. मग भात मागवला. मग शितं मोजत तो भात. लोकांच्या हातावर आमटी वाळली. मोबाइल धरता येईना, उठता येईना. नाइलाजाने बघायला लागले.

आणि मग मधेच कुणीतरी हसलं. जिथे हसायला पाहिजे तिथेच.

शेवटचा प्रवेश बाकी होता. माझं लक्ष टोकाला गेलं. अप्पांचा हात थांबला होता. शहात्तर वर्षांचं पोट, भरलं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, तांब्या ओढला आणि हात धुतला.

झालं, म्हटलं. आता पळतील.

कुणी उठलं नाही.

सोमनाथसुद्धा नाही. त्याची बायको डाव्या मनगटाने डोळे पुसत होती. मी शेवटची वाक्यं कशी बोलले, मला आठवत नाही.

नंतर विंगेत अप्पा ढेकर देत आले.

"झ्याक झालं, अक्का. पर मधी भाकरीभर लांबलंय."

"तुम्हाला नाटकातलं काय कळतं?" मी म्हणाले. इतक्या माणसांनी माझं नाटक बसून बघितलं, ज्याच्यामुळे बघितलं, त्याला हे बोलले.

घरी जाऊन तेवढं कापलं. अप्पा, तुम्हाला सांगितलं नाही, गावभर मिरवला असतात.

कापलं ते बरं झालं. तुमचंच बरोबर होतं.

हात जोडून नमस्कार.