मळणीची ओटी

त्या सकाळी लालबागहून शिवडीकडे जाताना रस्ता नको इतका मोकळा होता. दुकानांच्या फळ्या लागलेल्या, नाक्यावर पोलिसांची गाडी. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस ते. दुसऱ्या दिवशी हरताळ होता, गोदीही बंद राहणार होती. आई म्हणाली, "पाय उचल गो. आज काम नाय झाला तर मगे कधीच नाय."

खरं सांगते, तेव्हा मला त्याचा अर्थ पुरता कळला नव्हता. सोळा वर्षांची होते मी. आई शिवडीच्या एका गोदामात बायकांची मुकादम. वापरलेले नांगर, ट्रॅक्टर तिथे यायचे आणि बोटीने आफ्रिकेला जायचे. त्याआधी सरकारी साहेबाचा दाखला लागायचा, की यंत्रात माती नाही, बी नाही, कीड नाही. आमचं काम तेच. तारेचा ब्रश, दाभण, रॉकेलचा बोळा घ्यायचा आणि फटीफटीतून कुठल्या कुठल्या शेतांची माती नि दाणे उकरायचे. दोनदा साहेबाला काहीतरी सापडलं होतं. गोदामाचा कारभार बघणाऱ्या मेहताजींनी आईला बजावलं होतं, तिसऱ्यांदा सापडलं तर दुसरी टोळी आणीन. आठ जणींच्या चुली होत्या त्यावर.

त्या खेपेला एक जुनी मळणी होती, म्हणजे धान्य मळायचं यंत्र. तीन दिवस घासून आम्ही तिला लखलखीत केली. आमच्यातली एक म्हातारी तिला लेकच म्हणायची. "सासरी चालली बिचारी साता समुद्रापार, आणि ओटी रिकामी!" सगळ्या हसल्या. मला मात्र ते लागलं. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी बाकीच्या हातपाय धूत होत्या, तेव्हा मी घरून आणलेले हळदकुंकू लावलेले मूठभर तांदूळ मळणीच्या बाजूच्या झाकणाआड ओतले. वर सुपारी ठेवली. घरी जाऊन शांत झोपले बघा.

त्या सकाळी साहेब आला तो घाईतच. बॅटरी, भिंग, खाली अंथरायला पांढरा कागद. लांबून घोषणा ऐकू येत होत्या, त्या एकदम थांबल्या. साहेब मेहताजींना सांगत होता, "माती एक वेळ धुता येते हो. दाणा गेला की त्यातली कीड तिकडच्या शेतात. दाणा मी सोडत नाही."

दाणा! इतके दिवस मी दाणेच उकरत होते, पण ओटीचे तांदूळ म्हणजेही दाणे, हे डोक्यातच आलं नव्हतं. ओटी ती ओटी. आईजवळ सरकले, तिचा पदर धरला.

"काय गो? पांढरीफटक कित्याक पडलंस?"

तोवर साहेबाने झाकण ओढलं. पिवळे तांदूळ सरसर कागदावर आले. मग सुपारी, टप्पकन.

"हे कोणाचं काम?" मेहताजी ओरडले.

म्हातारीने डोळे मिटले. आईने आधी तांदळाकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे. हळद अजून नखांत होती.

"माझा," ती म्हणाली.

साहेबाने त्या तांदळाची पुडी बांधली. दाखल्याचा कागद कोराच पिशवीत परत ठेवला. दुपारच्या आत आम्ही सगळ्या फाटकाबाहेर होतो. आई मला त्याबद्दल एक शब्द बोलली नाही, घरी नाही आणि पुढेही नाही. त्या बायकांतली एकही पुन्हा आमच्या दारात आली नाही.

चार वर्षांनी माझ्या लग्नात, पाठवणीच्या वेळी, आई शेवटी ओटी भरायला आली. तांदूळ ओतताना तिचा हात थबकला.

"गाठ घट बांध," ती कानाशी म्हणाली. "दाणो सांडूचो नाय खंय."