पोहोचल्याचा फोन

घरातून कोणी प्रवासाला निघालं, की मावशी केरसुणी दाराआड ठेवून देत. माणूस मुक्कामी पोहोचल्याचं कळेपर्यंत केर काढायचा नाही, हा त्यांचा नियम. एरवी नारायण पेठेतलं ते तीन खोल्यांचं घर त्या दिवसातून दोनदा झाडत. आम्हा पेइंग गेस्ट मुलींच्या चपला दारात तिरक्या दिसल्या तरी म्हणत, "चपलाही मोर्चाला निघाल्यात वाटतं."

हा टोमणा मला असे. मी वर्ध्याची. वडील अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटायचे. त्यांच्या घड्या घालतच मी मोठी झाले. पहिल्याच महिन्यात मी मावशींना सुनावलं, "केर काढल्यानं कुणाची एसटी उलटत नाही."

मावशी मेथी निवडत म्हणाल्या, "मी कुठं म्हटलं उलटते? आपलं माणूस वाटेत आहे, हे घराला कळायला नको?" वर पुस्ती जोडली, "लिही तुझ्या पत्रकात. केरसुणीला सुट्टी मिळालीच पाहिजे!"

मग आयटीचे दिवस आले. माझ्या खोलीतल्या रेणूला तिच्या कंपनीनं ऐन वेळी लंडनला जायला सांगितलं. मी भडकले. माणसं काय कुरिअरची पाकिटं आहेत? रेणू मात्र हरखली होती. संगणकावर शोधलेलं तिनं मावशींना सांगितलं: मुंबई ते लंडन, सात हजारांवर किलोमीटर, साडेनऊ तास.

"हे कुठून कुठपर्यंत?"

"विमानतळ ते विमानतळ, मावशी."

"विमानतळावर कोण राहतं गं?"

रेणू गेली. शेंगांची फोलं, केसांची गुंतवळ, सगळं जमिनीवर तसंच. दुसऱ्या दिवशी फोन वाजला. "मावशी, उतरले!"

"उतरलीस ना, छान. पोहोचलीस की कर," म्हणून मावशींनी फोन ठेवला.

परक्या शहरात त्या पोरीला खोलीची किल्ली कोण देणार, हे तिच्या साहेबांपैकी कुणी बघितलंच नव्हतं. खोलीवरून फोन आला तेव्हा ती रडत होती. मावशींनी तिला आधी गॅस पेटवून बघायला लावला, काय शिजवणार ते विचारलं, मगच केरसुणी हातात घेतली. कंपनीच्या लेखी रेणूचा प्रवास विमान टेकताच संपला होता. माणसाची अशी बाजू घेणारं पत्रक मी तोवर वाचलं नव्हतं.

पुढे इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं आणि मावशी मुलीकडे दिल्लीला निघाल्या, कायमच्या. विमानात पहिल्यांदाच बसणार होत्या. रिक्षात चढताना त्यांनी पिशवीतलं तिकीट पुन्हा एकदा काढून बघितलं.

"भीती वाटते?"

"विमानाची नाही. तिथं मला मावशी कोण म्हणणार?"

मी म्हटलं, "दोनच तर तास लागतात."

"तुला अजून कळलंच नाही तर," मावशी म्हणाल्या आणि रिक्षा निघाली.

विमान वेळेवर उतरल्याचं चौकशी केल्यावर कळलं. दुपार सरली, फोन नाही. सामान बांधल्याच्या सुतळ्या, रद्दीचे कपटे पायात येत होते. केर काढल्यानं कुणाचं काही होत नाही, हे मी आजही ठणकावून सांगेन. तरी त्या दिवशी केरसुणीला हात लावावासा वाटेना.

फोन आला तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं.

"पोहोचले गं. इथं आंटीजी म्हणतात मला. बघू, होते का सवय." मग म्हणाल्या, "आता नको हं काढूस, दिवेलागण झाली. सकाळी काढ केर."

काढलास का, असं त्यांनी विचारलंच नाही.