चिकाची पहिली वाटी

रात्रभर निवळलेल्या गव्हाच्या चिकावरचं पाणी मी हलक्या हातानं काढून टाकत होते. कुरडयांचा दिवस. आंबूस वास घरभर पसरलेला. सासूबाई, म्हणजे अन्नपूर्णाबाई, ओट्यावर उन्हात चहा घेत बसल्या होत्या. तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली.

दारात सिंधूताई होत्या. त्यांनी आमची कडी याआधी कधी वाजवली नव्हती. ‘प्राची, पाणी उकळलं काय वं?’ असं ओरडत त्या समोरूनच आत यायच्या.

साखरखेर्ड्यात सिंधूताईंचं घर विहाराच्या मागे. वर्षभर शेतात मजुरी करायची, आणि उन्हाळा लागला की आमच्या गल्लीतल्या घराघरात चीक घोटायचा. उकळत्या पाण्यात चीक पडला की क्षणभरही हात थांबवून चालत नाही, नाहीतर गाठी होतात. सिंधूताईंच्या हातून गाठ होत नाही. घोटणाऱ्या बाईला चुलीजवळ बसवून, वर साखर घालून, गरम चिकाची पहिली वाटी द्यायची आणि वाळल्यावर तिच्या वाट्याच्या कुरडया, ही आमच्याकडची रीत.

याच घराच्या अंगणाबाहेर सिंधूताईंची आई उभी राहायची आणि तिला पाणी वरून ओतलं जायचं. सिंधूताईंना स्वयंपाकघरात पहिल्यांदा बोलावलं ते सासूबाईंनी, स्वतःच्या सासूशी भांडून. त्यानंतरच बाकीच्या घरांची दारं उघडली.

मागच्या हिवाळ्यात गल्लीतल्या सगळ्यांच्या फोनवर एक व्हिडिओ आला. पांढऱ्या साडीतली, पाठमोरी बाई पंगतीच्या पातेल्यात मुठीतलं काहीतरी टाकते. खाली लिहिलेलं, ‘विदर्भातलं एक गाव. ह्यांच्या हातचं खाऊ नका.’ गावाचं नाव नाही, चेहरा नाही. पण पौर्णिमेला विहारात जाताना सिंधूताई पांढरी साडी नेसतात. कुणी म्हणालं, पदर खोचायची पद्धत तीच. संध्याकाळपर्यंत ती बाई म्हणजे सिंधूताईच, असं ठरूनही गेलं.

त्याच आठवड्यात त्यांच्या मुलाच्या, प्रेमानंदच्या, फोनवर दुसराच व्हिडिओ आला होता. त्यात आमच्यासारखी माणसं बौद्धवस्तीच्या विहिरीत विषारी औषध ओतताना दाखवली होती. तिकडची पोरं आमच्या गल्लीतल्या गिरणीवर दळण आणेनाशी झाली. प्रेमानंद रस्त्यात दिसला की मान फिरवायचा.

माझा दीर अविनाश बुलढाण्याला वर्तमानपत्रात आहे. त्यानं शोध घेतला. दोन्ही व्हिडिओ जुने, दुसऱ्याच देशातले. पसरवणारी खातीही परदेशातूनच चालवलेली, आणि दोन्हीकडे आग लावणारे हात एकच. आपण भांडत राहावं एवढंच त्यांना हवं, असं तो सासूबाईंना समजावत बसला. मूळ व्हिडिओही दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाल्या, “असेल बाबा परदेशातला. पण हात तं तिच्यासारखाच हाये.”

त्या परक्या माणसांना साखरखेर्डा कुठे आहे तेही ठाऊक नसेल. त्यांनी बाई पाठमोरी ठेवली. तिला चेहरा दिला तो आमच्या गल्लीनं. हे मला रडवतं.

यंदा एकाही घरातून सिंधूताईंना बोलावणं गेलं नाही. मी विषय काढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, आपलं आपण घोटू.

आता त्या ओट्यावरून उठून आत आल्या. सिंधूताईंकडे न बघताच म्हणाल्या, “लय दिवसानं वाट सापडली वं सिंधू.”

“वाट तं तिथंच होती, काकू. दार लावेल होतं.”

चुलीवरच्या पाण्याला आधण आलं होतं. सिंधूताईंनी सांगितलं की प्रेमानंद येऊ देत नव्हता. तिथं जाऊन अपमान करून घेशील, म्हणत होता. गव्हाचा वास आला म्हणून पाय राहिले नाहीत. रस्त्यानं येताना एका घरातल्या बाईनं अंगणातल्या लेकराला हात धरून आत ओढलं, हेही त्यांनी सांगितलं, अगदी सहज, बाजारभाव सांगावा तसं.

मग पदर खोचून त्या उंबऱ्यातच थांबल्या. आत पाऊल टाकलं नाही.

“काकू, चीक मी घोटून देते,” त्या म्हणाल्या. “मले कुरडया नको. यंदा पहिली वाटी तुम्ही खा. समोर ओट्यावर बसून खा, गल्लीले दिसंल अशी.”